एकच शब्द दोनदा नाही

मंडळी, बीबीसीच्या रेडिओवर 'जस्ट अ मिनिट' नावाचा कार्यक्रम २२ डिसेंबर १९६७ रोजी सुरू झाला. चार जण, एक अध्यक्ष, चार बझर, एक स्टॉपवॉच आणि एक शिट्टी. कार्डावरच्या विषयावर साठ सेकंद बोलायचं. अडखळायचं नाही, एकदा वापरलेला शब्द पुन्हा काढायचा नाही, विषय सोडायचा नाही. या खेळाची कल्पना इयन मेसिटर यांची. शाळेत त्यांचं लक्ष नाही असं पाहून मास्तरांनी त्यांना गेल्या मिनिटभरात शिकवलेलं न अडखळता, पुनरुक्ती न करता म्हणून दाखवायला लावलं होतं, त्या शिक्षेतून ती निघाली. १९५१ मध्ये त्यांनी 'वन मिनिट प्लीज' आणलं, तेच पुढे या रूपात आलं. निकोलस पार्सन्स यांनी ५० वर्षांहून अधिक काळ अध्यक्षपद सांभाळलं.

गुणांचा हिशेब असा. चूक पकडणाऱ्याचा बझर वाजला की घड्याळ थांबतं. आक्षेप बरोबर निघाला तर त्याला एक गुण आणि उरलेल्या सेकंदांसह तो विषय. आक्षेप फेटाळला गेला तर गुण बोलणाऱ्याला, आणि बोलणं त्याचंच चालू. साठ सेकंद संपून शिट्टी वाजते तेव्हा जो बोलत असतो त्याला आणखी एक. म्हणून मुरलेला खेळाडू पहिल्या दहा सेकंदांत उगाच बझर दाबत नाही. चूक ऐकूनही थांबतो आणि शेवटची तीन-चार सेकंदं उरली की झडप घालतो. कार्यक्रमातले जुने खेळाडू क्लेमेंट फ्रॉइड यात पटाईत होते. बोलायची पाळी आली की ते याद्या म्हणत. यादीत प्रत्येक नाम वेगळं, क्रियापद लागतच नाही, त्यामुळे पुनरुक्तीची भीती कमी.

खरी मजा मात्र 'शब्द' कशाला म्हणायचं या वादात आहे. विषय 'टी' म्हणजे चहा असेल तर 'टी' पुन्हा म्हणा, कार्डावरचे शब्द माफ असतात, फक्त एकापाठोपाठ फार वेळा नको. पण 'टीज' हे अनेकवचन कार्डावर नाही. ते एकदा चालेल, दुसऱ्यांदा बझर. 'बुक' आणि 'बुक्स' एकामागोमाग आले तर आक्षेप टिकत नाही, कारण ते दोन शब्द धरले जातात. 'द', 'अँड', 'इन' यांसारख्या बारक्या शब्दांकडे सहसा काणाडोळा होतो, नाहीतर कुणीच पाच सेकंदांपलीकडे जाणार नाही. आणि 'बीबीसी' म्हटलं तर? 'बी' दोनदा आला! हाही आक्षेप घेतला गेलेला आहे. विषयांतराची अट तर ताणून ताणून व्याकरणापर्यंत नेलेली. 'फ्यूअर पीपल'ऐवजी 'लेस पीपल' म्हणालात, तर इंग्रजीपासूनच ढळलात असं कुणीही म्हणू शकतो. हा काथ्याकूट फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे ऐकणारा प्रत्येक शब्द कान देऊन ऐकू लागतो.

२०१२ मध्ये हा कार्यक्रम मुंबईतही ध्वनिमुद्रित झाला, इंग्रजीतच. मराठीत खेळायचा तर आधी बसून काही गोष्टी ठरवायला हव्यात. 'घर', 'घरात', 'घराला' हे तीन शब्द की एकच? इंग्रजी अनेकवचनाचा दाखला घेतला तर तीन. 'हळूहळू' ही पुनरुक्ती की अखंड शब्द? तो कोशात एकत्र सापडतो, तेव्हा माफ करावा. 'चहाबिहा' तर निर्विवाद एक.

सगळ्यात मोठी अडचण 'आहे'ची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि तिथे तोच शब्द पुन्हा पुन्हा येऊन बसतो. विषय समजा 'पाऊस'. "पाऊस पडतो आहे, गटारं तुंबली आहेत, छत्री मोडली आहे." 'आहेत' सुटला, पण दुसऱ्या 'आहे'वर गाडी अडली. 'आहे'ला बारक्या शब्दांत टाकून सोडून देऊ नये, मराठी बोलणाऱ्याचा कस तिथेच लागतो. उपाय क्रियापद गाळण्याचा. "बाहेर पाऊस. गटारं तुंबलेली, छत्री मोडकी, लोकल उशिरा, अंगावर चिखल." एकही शब्द दोनदा नाही, आणि चित्रही उभं राहतं. हे साधलं नाही तर चौथ्या-पाचव्या सेकंदाला बझर वाजतो आणि उरलेला पाऊस समोरच्याच्या वाट्याला जातो.