काळीत बांधलेलं घर

[मे महिन्यातलं शेत. जमिनीला पडलेली रुंद भेग.]

परभणीच्या बाजूचं हे काळं रान. पावसाला अजून महिना आहे. जमिनीला भेगा पडल्यात, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढ्या. शेतकऱ्याला याचं नवल नाही. मृग बरसला की भेगा मिटतात, वरची माती आत पडते, खालची वर येते. काळी जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते, असं म्हणतात ते यामुळेच.

[शेताच्या कडेचं घर. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वर गेलेला तडा.]

याच रानाच्या कडेला, एनए प्लॉटवर उभं असलेलं हे घर. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा छतापर्यंत गेलाय. घरच्यांनी तो दोनदा बुजवला. गिलावा केला, पुट्टी लावली, रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा त्याच जागी हजर. शेतातली ती भेग आणि भिंतीतला हा तडा एकाच मातीनं पाडलेत.

जुन्या गावगाड्यात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत: काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरीत राहायचं. त्यामागं कायकाय विचार होते ते असोत, पण घराच्या पायाला त्याचा फायदा नक्की झाला. पुढे गावठाणं भरली, वस्ती काळीत सरकली आणि मिस्त्रीनं मात्र पाया तोच धरला, दोन-तीन फुटांचा.

[काचेच्या दोन उभ्या नळ्या. दोन्हींत सारखीच माती.]

प्रयोगशाळेतली ही साधी चाचणी बघा. दोन नळ्यांत वाळवून चाळलेली काळी माती, प्रत्येकी १० ग्रॅम. एकीत रॉकेल, दुसरीत पाणी. चोवीस तासांनी रॉकेलमधली माती आहे तेवढीच. पाण्यातली फुगून वर चढलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, त्याचा बेसाल्ट झिजून ही माती झाली. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचे कण पातळ थरांचे असतात. पाणी त्या थरांमध्ये शिरतं, थर एकमेकांपासून दूर होतात. पाणी गेलं की पुन्हा मिटतात. वर घर असो की कापूस, मातीला फरक पडत नाही.

आणि घराखाली ही हालचाल सगळीकडे सारखी होत नाही, खरं दुखणं ते आहे. मधली माती घरानं झाकलेली, ओलावा धरून बसलेली. कडेची माती उन्हात तापते, आकसते. कोपरा खाली जातो आणि भिंत तिरकी फाटते. अशा तड्याचं तोंड बहुधा वरच्या बाजूला जास्त उघडं दिसतं. काही घरांत उलट होतं: मधली माती फुगून फरशी वर उचलली जाते. तिथे "घर खचलं" म्हणून पाया भरत बसणं म्हणजे भलत्याच रोगावरचं औषध.

[भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा, शेजारी तारीख.]

म्हणून आधी तडा वाचायचा. नव्या गिलाव्यावरच्या केसासारख्या रेषांनी घाबरू नका, त्या गिलावा वाळल्याच्या. पण तडा आतून आणि बाहेरून एकाच जागी दिसतो का? विटांच्या सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी चढतो का? दार उन्हाळ्यात घासतं आणि पावसाळ्यात सुटतं का? पाण्याची नळी लावून चारही कोपऱ्यांची पातळी बघा. तड्याच्या दोन्ही बाजूंना खूण करा, अंतर मोजा, तारीख लिहा, आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या. ऋतूंबरोबर उघडमीट होत असेल तर ते काळीचं काम. एकाच दिशेनं वाढत असेल तर प्रकरण गंभीर. तडा ५ मिलिमीटरच्या पुढे गेला, भिंत ओळंब्याला उतरेना, तर मोजत बसू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आता दुरुस्ती. ऐकायला साधं वाटेल, पण पहिली दुरुस्ती पाण्याची. छपराचं पाणी पायाशी पडतंय का? मोरीचा पाइप जोत्याखाली गळतोय का? सेप्टिक टँक भिंतीला चिकटून आहे का? आधी हे थांबवा. घराभोवती दीड मीटर रुंद फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला. काळीतल्या कितीतरी घरांना एवढ्यानंच आराम पडतो, आणि नेमकं हेच काम लोक शेवटी ठेवतात.

भिंतीजवळ मोठं झाड असेल तर कुऱ्हाड उचलण्याआधी थांबा. झाड वर्षानुवर्षं मातीतलं पाणी शोषत असतं. ते एकदम तोडलं, तर वाळलेली माती पुन्हा ओलावा धरते, फुगते आणि घर वर उचलते. झाड घरापेक्षा जुनं असेल तर हा धोका जास्त.

[पायालगतचा खड्डा. आत उतरलेला गवंडी.]

पाणी आवरूनही घर बसतच राहिलं, तर पायाखाली नवा पाया. आधी भिंतीला टेकू. मग पायाखाली जेमतेम एक मीटर लांबीचा खड्डा, घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोल. त्यात काँक्रीट, आणि ते पक्कं झाल्यावर जुन्या पायाशी राहिलेल्या फटीत कोरडा मसाला ठासून बसवायचा. शेजारचा खड्डा लगेच घ्यायचा नाही, एक टप्पा सोडून पुढचा. घाईनं सगळा पाया एकदम उघडा केलात, तर भिंत खड्ड्यातल्या माणसांवर येईल. पावसाळ्यात हे काम नकोच.

नवं घर बांधणाऱ्याला वाट मोकळी आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठीच, खाली कंदासारखा फुगा असलेल्या पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, विकसित केल्या. मातीची ओल-सूक ज्या खोलीपर्यंत पोचते त्याच्याही खाली, साधारण साडेतीन मीटरवर त्या टेकतात. फुग्याचा व्यास दांड्याच्या अडीचपट असतो, त्यामुळे माती फुगली तरी पाइल वर खेचली जात नाही. वरच्या बीमखाली मोकळी फट ठेवतात, मातीला फुगायला जागा म्हणून. खर्च वाढतो, पण घर एकदाच बांधायचं असतं.

[पुन्हा ते घर. नवी फरसबंदी. तडा तसाच उघडा.]

या घराभोवती आता फरसबंदी झालीय, छपराचं पाणी पाइपानं लांब सोडलंय. तडा मुद्दाम बुजवलेला नाही. पेन्सिलीच्या खुणांशेजारी नव्या तारखा पडतायत. पुढच्या मे महिन्यात अंतर तेवढंच भरलं, तर गवंडी सांधे खोदून त्यात गज बसवील, मसाला भरील. आणि मग रंग.