चांदीच्या पेटीत नेमकं काय आहे?

(दृश्य: जुने गोवे, बोम जेझू बॅसिलिका. कॅमेरा खालून वर सरकतो. संगमरवरी चौथरा, त्यावर चांदीची पेटी.)

निवेदन:

बॅसिलिकेत शिरून उजवीकडच्या दालनात गेलं की मान वर करावी लागते. पेटी बरीच उंचावर आहे. १६३६-३७ मध्ये ती गोव्याच्याच कारागिरांनी घडवली. चारी बाजूंच्या चांदीच्या पत्र्यांवर सोळाव्या शतकातले धर्मप्रचारक संत फ्रान्सिस झेवियर यांच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत, आणि आत त्यांच्याच देहाचे अवशेष. खालचा चौथरा मात्र इटलीहून आलेला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीकडून करवून घेतला. काम दहा वर्षं चाललं आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. एवढ्या दानाच्या बदल्यात ड्यूकला मिळाली एक उशी. संताच्या डोक्याखाली ठेवलेली.

आज ऐकताना हा सौदा गमतीचा वाटेल, पण ड्यूकच्या हिशेबात तो तोट्याचा नव्हता.

(दृश्य: टेबलावर एक छोटी गोल डबी. क्लोज-अप.)

कॅथलिक परंपरेत पवित्र अवशेषांच्या तीन श्रेणी मानतात. संताचं हाड, केस, रक्त ही पहिली. त्यांनी वापरलेला झगा, जपमाळ किंवा उशी ही दुसरी. पहिल्या श्रेणीच्या अवशेषाला नुसता टेकवलेला कापडाचा तुकडा ही तिसरी. डिसेंबर २०१७ मध्ये व्हॅटिकनने अवशेषांबद्दल जे सूचनापत्र काढलं, त्यात वर्गवारी वेगळी आहे. देह, देहाचा मोठा भाग किंवा दहनानंतरची सगळी राख हे महत्त्वाचे अवशेष. बारीक कण आणि वस्तू त्याखाली.

समोरच्या डबीला ‘थेका’ म्हणतात. नाण्याएवढी, बहुधा पितळेची, पुढे काच. आत रेशमी कापडावर तांदळाच्या कणीएवढा तुकडा, आणि त्याखाली कागदाची चिंचोळी पट्टी. ‘एक्स ऑस्सिबस’ लिहिलं असेल तर तुकडा हाडाचा, ‘एक्स इंदुमेंतिस’ असेल तर वस्त्राचा. आता डबी उलटी करा. मागे रेशमी दोरा फुलीसारखा ताणलेला आणि त्यावर लाखेची मोहर. सोबतच्या लॅटिन प्रमाणपत्रावरही तीच मोहर असते. दोरा तुटला किंवा लाख फुटली की प्रमाणपत्राचा उपयोग संपला, कारण ग्वाही बंद डबीची असते. आतली कणी बदलली गेली की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कधीच कळणार नाही.

विक्रीला चर्च कायद्यात साफ मनाई आहे. कलम ११९०. मोठे अवशेष तर रोमच्या परवानगीशिवाय कायमचे हलवताही येत नाहीत. तरीही बाजार चालतो. विक्रेता सांगतो, पैसे डबीचे, आतलं फुकट! मार्च २०२५ मध्ये किशोरवयात वारलेले इटालियन कार्लो अकुतिस यांचे म्हणून सांगितलेले केस ऑनलाइन लिलावात आले, बोली २,००० युरोंच्या पुढे गेली आणि असिसीच्या बिशपांना पोलिसांत तक्रार करावी लागली. तोवर अकुतिस यांना संतपद मिळालंही नव्हतं.

वेदीचा नियम तर आणखी कडक. नवी वेदी अर्पण करताना अवशेष ठेवायचा असेल, तर तो वेदीच्या वर नको, खाली हवा. माणसाच्या शरीराचा भाग म्हणून ओळखू येईल एवढा मोठा हवा. खरेपणाची शंका असेल, तर अवशेषाविना वेदी बरी, असं विधीच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे.

आराधना फक्त देवाची, संतांना आणि त्यांच्या अवशेषांना आदर. हा भेद ७८७ च्या निकाया परिषदेपासून चालत आला, १५६३ मध्ये त्रेंतच्या परिषदेने अवशेषांच्या सन्मानाला पुन्हा दुजोरा दिला. काचेला कपाळ टेकवणाऱ्या आजीला हा भेद समजावायला रांगेत कोणी उभं नसतं. काठावर गोंधळ होतो, हे धर्मगुरूही जाणतात.

(दृश्य: समुद्र. जुना नकाशा, चीनच्या किनाऱ्यावर ठिपका.)

झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगच्वान बेटावर वारले. सोबत्याने शवपेटीत चुना भरला. विचार व्यवहाराचा होता: मांस लवकर झडेल आणि हाडं भारतात नेता येतील. चुना मात्र नेहमी तसं करत नाही. तो ओलावा शोषतो, भोवताल अल्कधर्मी करतो, जिवाणूंना थोपवतो. त्याने कुजणं उलट लांबू शकतं. फेब्रुवारी १५५३ मध्ये पेटी उघडली तेव्हा देह टिकून होता. तो मलाक्काला नेला आणि तिथे शवपेटीविना मातीत पुरला. काही महिन्यांनी पुन्हा काढला आणि १६ मार्च १५५४ रोजी गोव्याला आणला.

पुढे काय बिघडलं? माणसांचे हात. दर्शनाला आलेल्या एका बाईने पायाचं बोट चावून नेलं, अशी कथा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १६१४ मध्ये रोमहून आज्ञा आली आणि उजवा हात कोपरापासून तोडून तिकडे गेला. आज तो रोममधल्या जेझूच्या चर्चमध्ये आहे. २०१८ च्या सुरुवातीला हाच हात कॅनडाभर फिरला, आणि विमानात त्याच्यासाठी वेगळी सीट घेतली होती. दंडाचं हाड मकावला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोक प्रत्यक्ष पायांचं चुंबन घेत. उघडा देह, दमट हवा आणि हजारो ओठ. मग काच आली.

म्हणून काचेआड जे दिसतं ते आटलेलं, काळवंडलेलं आहे. भाविक बोलताना ‘अभंग देह’ म्हणतात. मराठी वर्तमानपत्रं ‘शवप्रदर्शन’ म्हणतात, तो शब्द कानाला जरा खरबरीतच लागतो. चर्चच्या कागदांवर मात्र शब्द एकच: पवित्र अवशेष. देह न कुजणं हा कॅथलिक श्रद्धेचा सिद्धांत नाही. उद्या काचेआड फक्त हाडं उरली, तरी झेवियर यांचं संतपद कमी होणार नाही.

(दृश्य: रांग. मंडप, पाण्याचे पिंप, व्हीलचेअर.)

दर दहा वर्षांनी होणाऱ्या या दर्शन-सोहळ्याची सुरुवात एका अफवेतून झाली. १७५९ नंतर पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना, म्हणजे झेवियर यांच्याच संघाच्या धर्मगुरूंना, हाकललं आणि कुजबुज सुरू झाली की जाताना त्यांनी देह नेला, पेटीत दुसराच कोणी आहे. ती मोडायला फेब्रुवारी १७८२ मध्ये तीन दिवस पेटी उघडून लोकांना दाखवली. अठरावा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. अवशेष बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेले होते.

आणि अफवाही परतली, नव्या कपड्यांत. काही श्रीलंकन बौद्धांचा दावा आहे की हा देह त्यांच्या राहुल थेर या भिक्खूंचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्यातल्या एका हिंदुत्ववादी नेत्याने डीएनए चाचणी मागितली, गुन्हे नोंदवले गेले, मडगावात रस्ते अडले.

चाचणी करायची म्हटलीच तर काय हाती लागेल? गोव्यातला देह आणि रोममधला हात जुळले, तर दोन्ही एकाच माणसाचे, एवढंच ठरेल. तो माणूस झेवियर, हे सांगायला त्यांच्या, स्पेनमधल्या नावारच्या घराण्याचा खात्रीचा नमुना हवा. शिवाय साडेचार शतकांच्या हाताळणीने नमुना दूषित झालेला असणार. चर्चची वाटही ठरलेली आहे. आधी रोमची संमती, मग बिशपांनी नेमलेलं मंडळ, शपथ घेतलेले वैद्यकीय तज्ज्ञ, नोंद करणारा लेखनिक, आणि शेवटी पुन्हा मोहरबंद पेटी. रस्त्यावरच्या मागणीने हे दार उघडत नाही. त्यातून संशय वाढतो, हे मान्य करायला हवं.

(दृश्य: जुनं हस्तलिखित पत्र. आवाज सावकाश.)

डीएनएचा वाद मात्र वरवरचा आहे. दुखरी जागा दुसरीच. १६ मे १५४६ रोजी झेवियर यांनी आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइनाहून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं. पोर्तुगीज वस्त्यांत बाप्तिस्मा घेतलेले अनेक जण यहुदी आणि इस्लामी रीतीने जगतात, तेव्हा इकडे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह तपासणारं न्यायालय, पाठवा, ही त्यातली मागणी. न्यायालय गोव्यात आलं १५६० मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. ते मध्ये काही वर्षं बंद होतं, पण टिकलं १८१२ पर्यंत. सुमारे १६ हजार खटले. १७३६ च्या फर्मानात तर लग्नातल्या ओव्या आणि अंगणातली तुळसही निषिद्ध झाली.

बचाव करणारे दोन मुद्दे मांडतात: पत्राचा रोख हिंदूंवर नव्हता आणि न्यायालय झेवियर यांच्या हयातीत आलं नाही. दोन्ही खरे आहेत. पण मागणी त्यांनी केली होती, हेही तितकंच खरं. ‘त्या काळची माणसं तशीच होती’ म्हणून हे पत्र घडी करून ठेवता येत नाही. आणि कॅथलिक शिकवणीला अशा सबबीची गरजही नाही. संतपद म्हणजे तो माणूस देवापाशी आहे, एवढी घोषणा. त्याचं प्रत्येक पत्र बरोबर होतं, असा निवाडा त्यात नाही. झेवियर यांना संतपद मिळालं १२ मार्च १६२२ रोजी. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांसाठी देवाकडे जाहीर क्षमा मागितली, त्यात सत्याच्या नावाने केलेल्या जबरदस्तीचाही उल्लेख होता. तारखांचा योग जुळून आलेला असेल.

(दृश्य: से कॅथेड्रलचा एकुलता मनोरा. दुसरा १७७६ मध्ये कोसळला.)

इन्क्विझिशनचा वाडा या से कॅथेड्रलच्या चौकातच होता. एकोणिसाव्या शतकात तो पाडला. शिक्षा सुनावण्याच्या दिवशी वाजायची ती सुवर्णघंटा मात्र याच मनोऱ्यात आहे. सोहळ्याच्या दिवसांत दर्शनाची रांग तिच्याखालून आत जाते.

(घंटेचा आवाज. पडदा काळा.)