बांधायला निधी आहे, चालवायला?

आयोजकांनी विषय दिला आहे ‘गावविकास आणि शासकीय निधी’. नोकरीची सगळी वर्षं पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काढली, त्यामुळे निधी म्हटलं की मला थांबवावं लागतं. अध्यक्षांनी घड्याळावर लक्ष ठेवावं.

कुठल्याही गावात शिरा, वेशीपाशी फलक असतोच. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, आणि या सगळ्याहून मोठ्या अक्षरांत ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’. काम बहुधा ठरलेलं: काँक्रीट रस्ता, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, प्रवेशद्वार. त्यातलं पुष्कळसं ‘पंचवीस-पंधरा’मधलं, म्हणजे राज्याच्या अंदाजपत्रकातल्या २५१५ या लेखाशीर्षातलं. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांना तो पैसा मिळतो. मी रस्त्याच्या विरोधात नाही. पावसाळ्यात बाळंतीणबाईला बाजेवर घालून डांबरीपर्यंत न्यावं लागलेल्या वस्तीला रस्त्याची किंमत विचारा. पण प्रवेशद्वाराची कमान कोणी मागितली होती, हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही.

दुसरा पैसा केंद्राच्या वित्त आयोगाचा. हा कुणी ‘आणत’ नाही, तो हक्काने येतो. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, तिथून ही वाट मोकळी झाली. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून पैसा थेट ग्रामपंचायतीकडे वळवला आणि आपल्याकडे ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडे सुरू झाले. पंधराव्याने थोडा लगाम घातला. २०२१ पासूनच्या पाच वर्षांसाठी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छता यांसाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, गावाला वाटेल त्या गरजेसाठी, फक्त पगार आणि आस्थापना त्यातून भागवायची नाही.

गावाला काय वाटतं, हे ठरतं ग्रामसभेत. आता ग्रामसभेची खरी गंमत सांगतो. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. सकाळी सभा बोलावतात. सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि पारावरची चार म्हातारी माणसं. अर्धा तास वाट बघतात, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही! मग पुढच्या तारखेला त्याच सात-आठ टाळक्यांत अख्ख्या वर्षाचा आराखडा मंजूर. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते’. असली इतिवृत्तं मी ढिगाने तपासली आहेत. कायद्याला धरून असतात, चूक काढता येत नाही.

आणि म्हणून काय होतं? एका गावची गोष्ट सांगतो, नाव नको. पाण्याची योजना झाली. विहीर, पंपघर, टाकी, नळ, सगळं चोख. मोजमाप पुस्तिका भरली, ठेकेदाराचं बिल निघालं, पैसा खर्ची पडल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं. आमच्या कार्यालयाच्या लेखी काम संपलं. दोन उन्हाळ्यांनंतर मी गेलो, तर पंपघराला कुलूप आणि आत स्टार्टरच्या पेटीत पाली. वीजबिल थकल्याने जोडणी तोडलेली. बाया जुन्याच आडावर. पाणीपट्टी किती, विचारलं. म्हणाले, अजून ठरवलीच नाही साहेब, निवडणूक जवळ आली होती.

सांभाळायला कुणी नसेल तर बांधलेलं टिकत नाही आणि सांभाळायला निधी कोणी देत नाही. हे ठाऊक असल्यामुळेच सरकारने लोकवाटा आणला. घरोघरी नळ देणाऱ्या जलजीवन मिशनमध्येही गावातल्या कामाच्या खर्चातला १० टक्के हिस्सा गावाने द्यायचा आहे, डोंगराळ भागात ५. हेतू हा की आपला पैसा गेला की माणूस नळाकडे बघतो. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी हा वाटा ठेकेदारच भरतो. मग बघणार कोण?

उलटी उदाहरणंही आहेत. हिवरे बाजार घ्या. नगर तालुका, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. पाणलोटाचे पैसे शेजारच्या गावांनाही मिळत होते, नाला बांध तिथेही झाले. फरक कुठे पडला? या गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान हे आधी स्वीकारलं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, हे ग्रामसभेत ठरवलं. आणि पावसाचं मोजमाप करून पाण्याचा ताळेबंद मांडतात, त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं. शेजाऱ्याच्या बोअरला नाही म्हणायला किती जीव लागतो, हे ज्यांनी भावकीत दिवस काढलेत त्यांना कळेल. त्यासाठी कुठलंच अनुदान नाही.

आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० साली गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. त्यात सरकारने आधी पैसा दिलाच नाही. झाडा, गटारं काढा, शौचालयं बांधा, मग तपासणी, मग बक्षीस. आमच्या तालुक्यात पुढारी झाडू घेऊन फोटोपुरते आले, पण बायका खरंच उतरल्या. तपासणी पथक गेल्यावर काही गावं पुन्हा होती तशी झाली, हेही खरं. बक्षिसाची रक्कम कशावर खर्च करायची यावरून भांडणं लागलेलीही मी पाहिली.

मला त्याहून पाटोद्याचा हिशेब आवडतो. संभाजीनगरजवळचं गाव, तिथले सरपंच राहिलेल्या भास्करराव पेरे पाटलांमुळे ठाऊक झालेलं. घरपट्टी-पाणीपट्टी पूर्ण भरली की वर्षभर दळण फुकट. पट्टी भरल्याचं काहीतरी रोज घरात येतं, म्हणून लोक भरतात, आणि भरतात म्हणून ग्रामपंचायतीच्या हाती स्वतःचा पैसा राहतो. पथदिव्यांचं बिल थकलं की मुंबईकडे बघत बसावं लागत नाही. घरपट्टी न वाढवता कमान आणणारा सरपंच लोकप्रिय होतो, पण त्याच्या हातात शेवटी कमानच राहते.

समोर नवे सरपंच बरेच दिसताहेत. ईग्रामस्वराज संकेतस्थळावर तुमच्या गावाचा आराखडा उघडा, मोबाईलवर दिसतो. त्यातल्या प्रत्येक कामापुढे पेन्सिलीने दोन गोष्टी लिहा: बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, आणि वीजबिल कोणत्या खात्यातून जाणार. जिथे जागा कोरी राहील ते काम ग्रामसभेत पुन्हा काढा. तहकूब सभेत नाही, पहिल्या सभेत, आणि त्याच्या आधी महिलासभा घ्या, कारण आडावर कोण जातं ते आपल्याला माहीत आहे. आता प्रश्न विचारा, मागच्या रांगेतून सुरुवात करू.