टाकून दिलेल्या बाहुलीचं काय होतं?

(दृश्य: जंगलातली एकाकी वाट, समोर जुनं संग्रहालय.)

एका कोरियन भयपटाची ही सुरुवात. रानात आडबाजूला असलेल्या बाहुल्यांच्या संग्रहालयात काही अनोळखी माणसं जमलीत. त्यांच्यावरून बाहुल्या घडवायच्यात, असं त्यांना सांगितलंय. हे-मी नावाची एक शिल्पकार, एक फोटोग्राफर, एक बडबडी शाळकरी पोरगी, एक मॉडेल. आणि एक बुजरी तरुणी, जी आपली बाहुली हातातून खाली ठेवत नाही. तिचं नावही ठेवलंय तिनं, डेमियन. फुकटात आपली प्रतिकृती मिळतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

चित्रपटाचं कोरियन नाव ‘इन्ह्योंगसा’. बाहेर तो ‘द डॉल मास्टर’ म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक जोंग योंग-गी. दक्षिण कोरियात तो ३० जुलै २००४ रोजी लागला, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात. भयपट उकाड्यात लावायची तिकडे रीतच आहे. अंगावर काटा आला की घाम विसरतो, असा हिशेब.

(दृश्य: बाहुलीचा हात, अगदी जवळून. कोपरातला गोल सांधा.)

हा हात बघा. कोपरात, मनगटात, गुडघ्यात गोळे बसवलेत. आतून पोकळ शरीर, आणि डोक्यापासून पायापर्यंत ताणून ओवलेली इलॅस्टिकची दोरी. त्या ताणामुळे मान जेवढी वळवाल तेवढीच राहते, बोट उचललं तर उचललेलंच. डोळे खोबणीत खोल, आतून बसवलेले. म्हणून तुम्ही खोलीत कुठेही उभे राहा, ते तुमच्याकडेच बघतायत असं वाटतं. यात भुताटकी नाही, नुसती कारागिरी आहे. जर्मनीत हान्स बेलमर यानं १९३०च्या दशकात अशा सांध्यांच्या बाहुल्या करून त्यांचे अस्वस्थ करणारे फोटो काढले. पुढे जपानी कलावंतांनी हे तंत्र उचललं. १९९९ मध्ये तिथल्या एका कंपनीनं तशा बाहुल्या हौशी लोकांसाठी बाजारात आणल्या आणि हे वेड कोरियातही पोचलं. चित्रपट नेमका त्या लाटेवर आला.

पहिला अर्धा तास म्हणूनच जमून आलाय. कोणी कोणाला मारत नाही. बाहुल्या फक्त असतात. भिंतीवर, छताला, खुर्चीत.

(दृश्य: पडदा काळा.)

इथून पुढे गुपित फुटणार आहे. बघायचा असेल तर आताच थांबा.

खूप वर्षांपूर्वी एका माणसानं जिच्यावर जीव जडला तिची हुबेहूब बाहुली घडवली. ती बाई मारली गेली. आळ आला त्याच्यावर, आणि लोकांनी त्याला ठेचून ठार केलं. बाहुली मात्र त्याच्या थडग्यापाशी बसून राहिली. आज जमलेले पाहुणे त्या मारेकऱ्यांचे वंशज आहेत. आमंत्रण नव्हतंच ते, सापळा होता.

कोरियाच्या लोकरीतीत बाहुलीवर भार टाकणं नवं नाही. जुन्या काळी चांद्र वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या आदल्या रात्री गवताची बाहुली करत. ज्याचं वर्ष वाईट, त्याची पीडा तिच्या माथी मारायची, पोटात नाणी कोंबायची आणि रस्त्यावर फेकून द्यायची. पोरं दारोदार फिरून ती मागत, नाण्यांसाठी. आपलं अरिष्ट दुसऱ्याच्या गळ्यात, आणि वर ती बाहुली उकिरड्यावर. चित्रपटात हा विधी कुठेही नाही. पण फेकलेल्या बाहुलीचा विषय निघाला की मला तोच आठवतो.

(दृश्य: आवारात उभी असलेली मुलगी, मी-ना.)

ही मी-ना. संग्रहालयाभोवती घुटमळणारी ही मुलगी हे-मीला अगदी जुन्या ओळखीतली असल्यासारखी बिलगते. हे-मीला काही आठवत नाही. मी-ना तिची लहानपणीची बाहुली. एके काळी जीव की प्राण होती, मग टाकून दिली. भूमिका इम उन-ग्योंगची. मोबाईलच्या एका जाहिरातीतून ती कोरियात घराघरात पोचली होती. तिचे ते टपोरे, न लवणारे डोळे बघून वाटतं, तिला मेकअपची गरजच नव्हती.

मधला भाग मात्र फसलाय. एकेकाचा बळी जायला लागला की पटकथा पाट्या टाकते. बाकीचे पाहुणे ओळखीचे होण्याआधीच संपतात, त्यामुळे कोणाचीच हळहळ वाटत नाही. जोंग यांनी पुढची दोन वर्षं गुंडांच्या कुटुंबावरचे विनोदी चित्रपट केले, आणि खरं सांगायचं तर हाणामारीपेक्षा त्यांना माणसांची गंमत जास्त कळते.

तरीही मी-ना आणि हे-मी समोरासमोर येतात तिथं चित्रपट सावरतो. खुनाचा सूड समजण्यासारखा आहे. पण मी-नाला मारेकऱ्यांशी काही देणंघेणं नाही. तिचा सवाल एवढाच, की मला विसरलीस कशी? आणि हे-मीकडे त्याचं उत्तर नाही.