एका नारळाचं दाणापात्र

(दृश्य : परड्यात मुलं बसलेली, समोर नारळाच्या दोन करवंट्या)

पाखरांना दाणे ठेवायला हे टांगतं पात्र : डोळ्यांची करवंटी छप्पर, दुसरी ताट. आत खोबरं उरलं तर मुंग्या लागतात. ते चमच्यानं खरवडायचं आणि काठ काचपेपरनं घासायचा, हे चार-पाच वर्षांच्या मुलांना सहज जमतं. मग दोन दिवस ऊन द्या.

भोकं मोठ्यांनी पाडायची, शक्यतो ड्रिलनं. ताटाच्या काठाखाली १ सेंटीमीटरवर, सारख्या अंतरानं तीन. काठाला अगदी लागून पाडलं तर करवंटी तडकते. चौथं तळाला, २ मिलिमीटरचं. त्यातून पाणी निथळतं, शाळू अडतो. तांदळाची कणी मात्र गळते, ती यात नको.

छपराला ड्रिल लागत नाही. तीन डोळ्यांतला एक मऊ असतो. तो मुलांना शोधू दे, आरपार तुम्ही करा.

(दृश्य : मणी ओवणारे हात)

३० सेंटीमीटरच्या तीन सुतळ्या घ्या. लहान मुलाची एकेरी गाठ भोकातून सटकते, म्हणून प्रत्येक सुतळीच्या टोकाला मणी बांधून ती बाहेरून आत ओवा. वरची टोकं एकत्र बांधताना गाठीत बोटाच्या पेराएवढी काडी अडकवा. छप्पर तिच्यावर टेकतं, टांगायची दोरी डोळ्यातून वर जाते. बहुतेक पात्रं बिघडतात ती इथंच : एक सुतळी आखूड झाली की ताट कलतं आणि दाणे सांडतात. नायलॉनचा बारीक दोरा नको, पाखरांचे पाय अडकतात.

टांगायचं सात फुटांवर, मांजर झेप घेईल अशा गडग्यापासून लांब. छप्पर ताटाएवढंच, त्यामुळं तिरका पाऊस आत येतोच. बेळगावजवळच्या खानापूरच्या पावसात तर वळचणीखालीच टांगा. भिजलेल्या दाण्याला बुरशी धरते, पाखरं आजारी पडतात.

रोज मूठभर शाळू पुरे. संध्याकाळी उरलेले दाणे काढा, नाहीतर रात्री उंदीर येतात. भडंग, फरसाण नको, त्यात मीठ असतं. फेब्रुवारी-मार्चच्या सुगीत शाळूचं अख्खं कणीस बांधलं तरी चालतं. चिमणीच्या पिलांना मात्र अळ्या, किडे लागतात. परड्याचा एक कोपरा औषध न मारता ठेवा.

पहिले काही दिवस कुणी फिरकत नाही. मुलं जागा बदलायला सांगतील, बदलू नका. २० मार्चला चिमणी दिन म्हणून टांगलेली पात्रं आठवड्यात रिकामी लोंबकळतात, तसं तरी होऊ नये.

(दृश्य : उन्हात पालथी घातलेली करवंटी)

आठवड्यातून एकदा गरम पाण्यानं घासून धुवा. ओलीच भरली तर दाणे तळाला चिकटतात, भोक बुजतं आणि पुढच्या सरीला ताटात पाणी साचतं.