कपाटाची किल्ली कुणाकडे?

(दृश्य: शाळेच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट. दाराला कुलूप.)

हे कपाट कोल्हापूर शहरातल्या एका शाळेतलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण असं कपाट तुमच्या गावच्या शाळेतही असेल. आत पुस्तकं आहेत, आणि चांगली आहेत. काही अनुदानातून घेतलेली, काही माजी विद्यार्थ्यांनी दिलेली. वरच्या खणातल्या पुस्तकांची पानं तर अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे असते. ग्रंथालयाचा चार्ज त्यांच्याकडे आहे. आज बाई मतदारयादीच्या कामाला गेल्या आहेत, म्हणून कपाट उघडणार नाही. परवा पोषण आहाराचा हिशेब होता, त्याआधी यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरायची होती. बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. एखादं पुस्तक हरवलं आणि पडताळणीत कमी भरलं, तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. मग पुस्तक मुलाच्या हातात देण्यापेक्षा कुलपात बरं, असं वाटायला लागतं. माझ्याही लहानपणी असंच होतं. सातवीपर्यंत मी शाळेचं एकही पुस्तक घरी नेलं नाही. कपाट मात्र रोज बघायचो.

(दृश्य: देवघेवीची वही. शेवटच्या नोंदीवर कॅमेरा थांबतो.)

हे कोल्हापुरात घडावं, याचं जास्त वाईट वाटतं. भाऊसिंगजी रोडवरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं आहे. 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. मूल शाळेत आलंच पाहिजे, हे या मातीनं शंभर वर्षांपूर्वी ठरवलं. शाळेत आलेल्या मुलाच्या हाती पुस्तक द्यायला माणूस नेमायचं मात्र अजून राहिलंय.

"त्यात काय एवढं? पुस्तकं द्यायची नि घ्यायची, कुणीही करेल." हे वाक्य आम्हाला बऱ्याच ठिकाणी ऐकू आलं. म्हणून एका गणिताच्या मास्तरांची गोष्ट सांगतो.

एस. आर. रंगनाथन मद्रासला कॉलेजात गणित शिकवायचे. 1924 मध्ये त्यांना मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल नेमलं. एवढा हुशार माणूस, पण नेमणुकीनंतर हे काम शिकायला त्यांनाही लंडनला जावं लागलं. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं सूत्र: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत, त्या काळाची आठवण या सूत्रामागे आहे. आपल्याकडे साखळी नाही, कुलूप आहे. 12 ऑगस्टला, त्यांच्या जन्मदिनी, आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. ज्या शाळेत ग्रंथपालच नाही, तिथं त्या दिवशी फोटोला हार कुणी घालायचा?

(दृश्य: राधानगरी तालुका. उसाच्या फडामधून जाणारा रस्ता, पुढे माध्यमिक शाळा.)

या शाळेत ग्रंथपाल आहेत. अर्धवेळ, पण प्रशिक्षित. मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा दारात घुटमळत होता. सरांनी त्याला आत बोलावलं.

"काय पाहिजे रं?"

"सर, गव्याचं पुस्तक हाय काय?"

दाजीपूरचं जंगल इथून जवळ, आदल्या आठवड्यात गवा त्यांच्या उसात शिरला होता. शाळेत गव्यावर वेगळं पुस्तक नाही. दुसरं कुणी असतं तर "नाही" म्हणून मोकळं झालं असतं. सरांनी मराठी विश्वकोशाचा खंड काढला, 'गवा' ही नोंद उघडून दिली. मग स्वतः जमवलेली वर्तमानपत्राच्या कात्रणांची फाईल आणली. मुलगा बोट ठेवून वाचू लागला. मध्येच थांबून म्हणाला, "म्हंजे ह्यो रेडा न्हवं. पायात पांढरं मोजं घातल्यागत दिसतंय, ते ह्याचंच." त्याच्या मागं दोघे-तिघे येऊन उभे राहिले. घंटा झाली तरी ते हलेनात.

मूल काय मागतंय आणि त्याला खरं काय हवंय, हे ओळखायला शिकावं लागतं. अडखळत वाचणाऱ्या आठवीतल्या मुलीला तिसरीचं पुस्तक दिलं तर तिला लाज वाटते. सोपं, तरी तिच्या वयाला शोभेल असं पुस्तक शोधावं लागतं. वर्गीकरण, दाखल क्रमांक, फाटक्या पुस्तकाची शिवण, कुठलं पुस्तक रद्दबातल करायचं आणि त्याचं निर्लेखन कसं करायचं, म्हणजे नोंदीतून ते कसं कमी करायचं, हेही शिकावं लागतं. गगनबावड्याच्या पावसात कपाटाला ओल धरते, शिरोळकडं पुराचं पाणी वर्गात येतं. भिजलेलं पुस्तक कडक उन्हात टाकलं की वाकडं होतं. पानांमध्ये कोरा कागद घालून सावलीत, वाऱ्यावर वाळवावं लागतं. ज्याला हे ठाऊक असतं, तो चार पुस्तकं तरी वाचवतो.

मग माणूस का नाही? शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलंय; वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक, म्हणजे शिकवणारे, सांगितलेत. ग्रंथपालाचं नाव मात्र कुठंच नाही. खोली दिली, पुस्तकं दिली, माणूस विसरले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ग्रंथालयांना पुरेसे कर्मचारी हवेत असं म्हटलंय, पण त्यातून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत अजून कुणी आलेलं नाही.

(दृश्य: शिवाजी विद्यापीठ, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाची इमारत.)

माणसं नाहीत असंही नाही. इथं, याच विद्यापीठात, ग्रंथालयशास्त्र शिकवलं जातं. बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, घेऊन भरतीची वाट बघणारी मुलं-मुली आम्हाला भेटली. एक जण दुकानात हिशेब लिहितोय.

वीस पटाच्या वाडीतल्या शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल मिळणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण जिल्हा परिषदेच्या शाळांची केंद्रं, म्हणजे जवळजवळच्या शाळांचे गट, आहेत. एका केंद्राला एक पात्र ग्रंथपाल द्या. तो ठरलेल्या वारी प्रत्येक शाळेत जाईल, पेटीतली पुस्तकं या शाळेतून त्या शाळेत फिरवेल, शिक्षकांना हाताशी धरून वाचनाचा तास घेईल. मोठ्या शाळांना मात्र पूर्णवेळच पाहिजे. तिथं अर्धवेळावर भागवू नका.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य तुम्हीच आहात. शाळेचा विकास आराखडा तुमची समिती करते. खोल्या, कंपाउंड, संगणक यांच्याबरोबर या वर्षी एक ओळ त्यात घाला: आमच्या शाळेला प्रशिक्षित ग्रंथपाल मिळावा. ठराव करा, इतिवृत्तात लिहून घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं ते विचारा. उत्तर नाही आलं, तर त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.

(दृश्य: तेच लोखंडी कपाट. बाई आल्यात, किल्ली फिरते. दाराशी चौथीची मुलं रांगेत.)

आज शनिवार, सकाळची शाळा. बाईंना वीस मिनिटं मिळाली आहेत. रांगेत एकोणतीस मुलं आहेत.