पोलिसानं गोळी कधी चालवावी? निवृत्त फौजदाराचं उत्तर

राम राम मंडळी. मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. ‘साहेब, असल्यांना कोर्ट कशाला, तिथंच उडवायला पाहिजे.’ मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली, तेव्हापासून केज, परळी, धारूर, अंबाजोगाईकडून रोज असं कायतरी येतंय. तुमचा संताप मला कळतो. त्या बातमीनं माझीही झोप उडाली होती. पण मी ३१ वर्षं खाकी घातली, कमरेला हत्यार बाळगलं. म्हणून आज याच विषयावर बोलतो.

कायदा भराभर सांगतो, कारण तो कुठंही वाचायला मिळतो. भारतीय न्याय संहिता, कलम ३४ ते ४४. स्वतःचा नाहीतर दुसऱ्याचा जीव वाचवायचा हक्क. हा हक्क पोलिसाला वेगळा दिलेला नाही, तुम्हाला-मला आहे तोच त्याला आहे. कलम ३८ मध्ये सात प्रसंग आहेत, जिथं बचाव करताना समोरचा मेला तरी गुन्हा होत नाही. जिवाची भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. कलम ३७ म्हणतं, जरुरीपेक्षा जास्त इजा नाही. अटकेबद्दल दुसरा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिचं कलम ४३. जमावासाठी त्याच संहितेचं कलम १४८, आधी पांगायचा हुकूम आणि मग बळ. अंतरवाली सराटीच्या लाठीमारापासून तुम्ही जमावाबद्दल विचारताय, त्यावर वेगळा व्हिडिओ करतो, तो विषय दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही.

आता जिथं सगळे अडखळतात तिथं येऊ. लातूरहून एकानं कलम ४३ चा फोटो टाकून लिहिलं, ‘खुनाच्या आरोपीला पळताना मारायची परवानगी इथं दिलेली आहे.’ भाऊ, परत एकदा वाचा. ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला ठार मारायचा हक्क या कलमानं मिळत नाही, असं त्यातलं एक पोटकलम म्हणतं. म्हणजे मोटारसायकल चोर पळाला तर पळू द्या, उद्या धरा. बरं, खुनाचा आरोपी पळाला तर? तिथं वरचं पोटकलम लागतं. अटकेसाठी ‘आवश्यक’ ती साधनं वापरता येतात. आवश्यक! तुम्ही चौघं आहात, त्याच्या हातात काही नाही, त्याचं गाव माहीत, सासुरवाडी माहीत. आज निसटला तर परवा सापडेल. मग गोळी आवश्यक कशी झाली? त्याच्यावर कुठलं कलम लागलंय यावर गोळी ठरत नाही. त्या क्षणी कुणाचा जीव धोक्यात आहे आणि दुसरा काही मार्ग उरलाय का, यावर ठरते.

हेच माझ्या अनुभवावरून सांगतो. तुरीचं रान, कमरेच्या वर वाढलेली तूर, दिवस मावळायला आलेला. बांधावरून भाऊबंदकी. एकानं चुलतभावाच्या खांद्यात कुऱ्हाड घातली होती. आम्ही तिघं पोचलो तेव्हा तो कुऱ्हाड उगारून माझ्या हवालदारावर धावला. दहा पावलांवर होता. मी रिव्हॉल्वर काढलं आणि खरं सांगतो, बोट ट्रिगरवर गेलं होतं. तेव्हा मी फायर केलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं. पण तो तुरीच्या खुंटाला अडखळला, कुऱ्हाड हातातून सुटली आणि तो उठून रानात पळाला. मधे किती वेळ गेला? दोन सेकंद. माणूस तोच, गुन्हा तोच, आमच्या अंगातला रागही तोच. पण आता मी त्याच्या पाठीत गोळी घातली असती तर तो खून झाला असता. रात्री साडेअकराला तो मेहुण्याच्या शेतातल्या आखाड्यावर सापडला. एका वरिष्ठानं मला सगळ्यांसमोर सुनावलं, ‘हत्यार काय पूजेला दिलंय का?’ ते अजून लागतं मनाला. पण माझा हवालदार जिवंत आहे, तो माणूसही जिवंत राहिला आणि त्याला शिक्षा न्यायाधीशानं दिली.

परभणीचा एक पोरगा, पोलीस भरतीची तयारी करणारा, विचारतो, ‘सर, मग पायावर मारायची ना?’ बाळा, हे पिस्तूल हातात न धरलेल्यांचं बोलणं आहे. धावत्या माणसाचा पाय हलत असतो, तुझा हात थरथरत असतो. गोळी चुकली तर मागं कुणाचं लेकरू उभं आहे ते तुला दिसत नाही. आणि लागली तर मांडीतली मोठी रक्तवाहिनी फुटून माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. ज्याला ठार मारणं बरोबर ठरत नाही, त्याच्या पायावरही गोळी झाडायची नाही. आणि धोका टळला की बोट ट्रिगरवरून काढायचं. पहिली गोळी बचावाची असू शकते. तो खाली पडला, हत्यार लांब गेलं, त्यानंतरची गोळी बचावाची नसते. एकाच घटनेतल्या दोन गोळ्यांचा हिशोब वेगवेगळा लागतो.

‘हैदराबादला केलं ते बरोबरच केलं’ असं लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ६ डिसेंबर २०१९ ला तिथं एका डॉक्टर मुलीवरच्या बलात्कार आणि खुनातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, लोकांनी पोलिसांवर फुलं टाकली. सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. २०२२ च्या अहवालात आयोगानं सांगितलं की पोलिसांची कहाणी विश्वासार्ह नाही आणि गोळ्या मारण्याच्या हेतूनंच झाडल्या गेल्या. चौघांतले तिघं अल्पवयीन होते, हेही त्यातच आहे. त्या बिचाऱ्या डॉक्टर मुलीच्या खटल्यात पुरावा तपासलाच गेला नाही. तिच्या आईबापाला खरं काय घडलं ते कोर्टात ऐकायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या महाराष्ट्राचंच घ्या. १९९५ ते १९९७ मध्ये मुंबईत ९९ चकमकी झाल्या, १३५ च्या आसपास माणसं मेली. त्या प्रकरणावर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये नियम घालून दिले. चकमकीत माणूस मेला तर एफआयआर झालाच पाहिजे. तपास सीआयडीनं नाहीतर दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा. दंडाधिकारी चौकशी व्हायची. लगेच बढती नाही, लगेच शौर्यपदक नाही.

शेवटी, एका ताईंनी लिहिलंय, ‘माझे मालक शिपाई आहेत. कधी फायर करावंच लागलं तर पुढं काय?’ ताई, त्यांना एवढं सांगा. आधी जखमीला दवाखान्यात न्यायचं, तो कोणी का असेना. जागेवर पडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांना हात लावायचा नाही. हत्यार तपासणीसाठी जमा करायचं. आणि स्टेशन डायरीत वेळ टाकून लिहायचं. किती वाजता पोचलो, समोरच्याच्या हातात काय होतं, किती पावलांवर होता, मी काय ओरडलो, किती राउंड झाडले आणि थांबलो कधी. हे त्याच रात्री लिहायचं, कुणी सांगितलंय म्हणून दुसऱ्या दिवशी बदलायचं नाही.